निळ्या कोटाचं रसग्रहण

भंडाऱ्याहून पवनीकडे जा की साकोलीकडे, वाटेवरच्या गावांत चबुतऱ्यावर बाबासाहेब उभे दिसतातच. आपण हात जोडतो नि पुढे जातो. शिल्प म्हणून निवांत बघणं राहून जातं. एकदा नुसता कोट बघावा.

सिमेंटचा, ऑइलपेंटने रंगवलेला. कॉलरची पट्टी छातीवरून बोटभर जाड उचललेली, लाल टायची गाठ ठसठशीत, बटणं खऱ्याहून मोठी. एकही शिंपी या शिवणीला पास करणार नाही. पण कारागिराचं गणित वेगळं आहे: रस्त्यावरून जाणाऱ्यालासुद्धा कोट हा कोट म्हणूनच कळला पाहिजे.

या कोटाची कुळकथा लंडनची. १६६६ मध्ये दुसऱ्या चार्ल्सने दरबारात बंडीवजा व्हेस्ट रूढ केली. पुढे पोशाखासाठी गाजलेल्या ब्यू ब्रमेलच्या काळापर्यंत तिथल्या पुरुषांनी रेशीम, जर, पावडर लावलेले टोप हळूहळू टाकले आणि ते गडद लोकरीत आले. कालांतराने सूट कारकुनाच्याही अंगावर आला. तिथे त्याचा गुण हाच, की माणूस गर्दीत मिसळून जावा.

इथे तोच सूट उलटं बोलतो. कुणी काय नेसावं, कुठला दागिना घालावा, हे जिथे जात ठरवत होती, तिथे नीटनेटका कपडा हीच आगळीक होती. महाडला डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेबांनी बायांना बजावलं, की जात ओळखू येईल असं लुगडं नेसणं नि तसले दागिने सोडा. गांधीजी १९२१ मध्येच मदुराईत पंचावर आले होते. पण ज्यांना अंगभर कपडा घालू दिला जात नव्हता, त्यांच्या पुढाऱ्याने पंचा नेसला असता तर त्यात त्याग कुणाला दिसला असता?

१९५४ ची लोकसभा पोटनिवडणूक बाबासाहेब याच भंडाऱ्यातून लढले आणि हरले. पुतळ्याच्या ऐटीत त्या पराभवाचा मागमूस नाही. असायचं कारणही नाही.

मला सर्वांत आवडतो तो वरचा खिसा. विलायती रिवाजाप्रमाणे तिथे रुमालाची घडी हवी. इथे पेन असतं, कुठे दोनही. चौदा एप्रिल जवळ आला की रंगारी सगळा कोट रुंद ब्रशने झपाट्यात उरकतो, आणि पेनच्या क्लिपसाठी तेवढा बारीक ब्रश नि सोनेरी डबी वेगळी काढतो.