खेळांतील रस आणि सौदा

नाटकाचा शेवट आधीं ठाऊक असला तरी रसहानि होत नाहीं. खेळाचें तसें नाहीं. त्याचा सारा रस अनिश्चिततेंत आहे, व तीच विकली गेली म्हणजे मागें केवळ देखावा उरतो. आमच्या बोरगांव (मेघे) पासून फार दूर नसलेल्या नागपुरांतच याचें उदाहरण घडलें. १९ मार्च २००० रोजीं भारताविरुद्धच्या एकदिवसीय सामन्यापूर्वीं दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए यानें हर्शेल गिब्ज यास २० पेक्षां कमी धावा काढण्याबद्दल १५,००० डॉलर देऊं केले. गिब्जनें होकार दिला, आणि काढल्या मात्र ७४! त्याचा संघ १० धावांनीं जिंकला. पुढें किंग आयोगापुढें गिब्जनें सर्व कबूल केलें. त्याजवर सहा महिन्यांची, तर क्रोनिएवर आजन्म बंदी आली.

सौदा फसला, मग शिक्षा कां, असें कोणी विचारील. परंतु होकार देतांच प्रेक्षकाचा विश्वास विकला गेला होता. त्या ७४ धावा खऱ्याच होत्या. तरी त्या आठवतांना मन पूर्वीसारखें निःशंक राहत नाहीं, आणि निःशंक मनावांचून रसास्वाद कसला?