करोल बागेतले अजमलिन आणि आपल्या टिपणांतले रिसर्पिन

सर्पगंधेवरील टिपणांत एक विधान वारंवार आढळते: या वनस्पतीतील अल्कलॉइड दिल्लीत वेगळे केले गेले आणि त्यातून मनोविकारावरचे औषध मिळाले. विधानाचे दोन्ही भाग सुटे घेतले तर बरोबर आहेत; जोडले की चुकतात.

दिल्लीच्या करोल बागेतील तिबिया कॉलेज हकीम अजमल खान यांनी उभारले. १९२१ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. तेथे सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी सर्पगंधेच्या मुळांतून अल्कलॉइड वेगळे केले आणि १९३१ मध्ये ते काम प्रसिद्ध झाले. त्यांपैकी एकाला त्यांनी हकीमसाहेबांच्या स्मरणार्थ अजमलिन हे नाव दिले. पण अजमलिन मनोविकारावरचे औषध नाही. ते हृदयाच्या पेशींतील सोडियम मार्गिका रोखते. ब्रुगाडा सिंड्रोमच्या निदानासाठी त्याची चाचणी करतात.

मनोविकारावरचे संयुग म्हणजे रिसर्पिन. ते १९५२ मध्ये बाझेलच्या सिबा कंपनीत वेगळे झाले. दरम्यान १९३१ मध्येच गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व रक्तदाबावरील सर्पगंधेचा परिणाम नोंदवला होता, तर मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये रक्तदाबावरचे निष्कर्ष मांडले. ही कामे मुळाविषयी होती, रिसर्पिनविषयी नव्हेत. मूळ आणि एक शुद्ध संयुग यांत फरक न करणे, ही आपल्या टिपणांची पहिली चूक.

दुसरी चूक कार्यपद्धतीची. क्लोरप्रोमाझिन डोपामिनचे ग्राही अडवते. रिसर्पिन तसे करत नाही. ते पुटिकांमध्ये संदेशवाहक भरणारे व्हीमॅट हे वाहक प्रथिन बंद पाडते. मग डोपामिन, नॉरॲड्रेनॅलिन आणि सेरोटोनिन पेशीद्रवातच राहतात, मोनोअमाइन ऑक्सिडेज त्यांचे विघटन करते आणि साठा रिकामा होतो. म्हणूनच मनोविकाराची लक्षणे उतरतात, रक्तदाब घटतो आणि पार्किन्सनसारखा ताठरपणाही येतो.

याच गुणामुळे ते प्रयोगशाळेत मोलाचे ठरले. १९५७ मध्ये आर्विद कार्लसन यांनी रिसर्पिनने निश्चल झालेल्या सशांना एल-डोपा दिले आणि ते पुन्हा हालचाल करू लागले. डोपामिनला मेंदूत स्वतंत्र काम आहे, याकडे त्यातून लक्ष वेधले गेले.

परंतु प्रयोगाचा निष्कर्ष ताणला की तिसरी चूक होते. रिसर्पिनने नैराश्य येते, म्हणून नैराश्य म्हणजे मोनोअमाइनची कमतरता, असे आपण लिहितो. रक्तदाबाच्या काही रुग्णांत नैराश्याच्या नोंदी झाल्या होत्या, हे खरे. पण १९५५ मध्येच लंडनमध्ये डेव्हिस आणि शेफर्ड यांनी चिंता व नैराश्य असलेल्या रुग्णांवर प्लासिबोशी तुलना केली, तेव्हा रिसर्पिन घेणाऱ्यांना अधिक बरे वाटले. ही चाचणी टिपणांत क्वचितच येते. साठा रिकामा होणे ही मोजता येणारी घटना आहे. त्यावरून आजाराचे कारण ठरवणे हे अनुमान आहे.

या चुका दुरुस्त केल्याने करोल बागेचे श्रेय कमी होत नाही. परक्याच्या शोधावर हक्क सांगण्यापेक्षा अजमलिनचा खरा वाटा नेमका सांगणे सिद्दीकींना अधिक न्याय देईल.

स्वाध्याय: तुमच्या पाठ्यपुस्तकातील सर्पगंधेविषयीचे एक वाक्य घ्या. ते मुळाविषयी आहे की एका संयुगाविषयी? त्यात निरीक्षण कोणते, अनुमान कोणते? मग ते वाक्य नव्याने लिहा.