चार दिवसांची शाळा

आमच्या शहरच्या पेठेंत कांहीं तरुणांनीं एक रिकामा गाळा तीन महिन्यांच्या भाड्यानें घेऊन तेथें एक विद्यास्थान उघडलें होतें. दारावर पाटी नव्हती, आंत बांकें नव्हतीं. येईल त्यानें बसावें, जें येत असेल तें शिकवावें आणि येत नसेल तें शिकावें, एवढाच काय तो नियम. कोणी फाटकीं पुस्तकें शिवून दाखवी, कोणी बिघडलेला पंखा उघडून बसे. मुदत सरली, गाळ्यास कुलूप लागलें, आणि 'चार दिवसांचा खेळ' म्हणून पेठेनें त्याची बोळवण केली. आम्हींहि त्या वेळीं तसाच अभिप्राय दिला होता. पुढें सेवाग्रामास जाण्याचा योग आला, आणि तो अभिप्राय पुन्हां तपासून पाहणें आम्हांस भाग पडलें.

वर्ध्याजवळच्या ह्या खेड्यांत गांधीजी १९३६ सालीं राहावयास आले, तेव्हां त्याचें नांव शेगांव होतें. सेवाग्राम हें नांव त्यास १९४० सालीं मिळालें. आदिनिवास ही तेथली पहिली वास्तु. आरंभीं गांधीजी, कस्तुरबा, सहकारी आणि पाहुणे सारे तिच्या एकाच छपराखालीं राहत. बापूकुटी मुळांत मीराबहेननीं आपल्यासाठीं बांधलेली. बांबूचा कुड, त्यावर मातीचा गिलावा, वर कवेलू, आणि भिंतीवर मातींतच उठविलेलीं ताडाचीं झाडें व चरखा. वाचकहो, असलें घर एकदां बांधून मोकळें होतां येत नाहीं. पावसानें गिलावा धुपतो, सारवण उडतें, छप्पर गळूं लागतें. जें घर वरचेवर नवें करावें लागतें, तें करण्याची विद्याहि वरचेवर कोणास तरी द्यावी लागते. घराचा कच्चेपणा हाच त्या विद्येचा आधार होय.

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजीं वर्ध्यास भरलेल्या शिक्षणपरिषदेंत जी योजना पुढें आली आणि जिला पुढें 'नई तालीम' म्हणूं लागले, तिचें मर्महि हेंच होतें. डॉ. झाकीर हुसेन ह्यांच्या समितीनें साडेपांच तासांच्या शाळेंतले तीन तास वीस मिनिटें हस्तोद्योगास दिलीं. सेवाग्रामांत आर्यनायकम् व आशादेवी ह्या दांपत्यानें तिचा प्रयोग चालविला. आणि १९४५ च्या परिषदेनंतर ती सात ते चौदा वर्षांच्या मुलांपुरती न राहतां जन्मापासून मरणापर्यंतचें शिक्षण म्हणवूं लागली.

तिच्यांतील दोष झांकण्याचें कारण नाहीं. मुलांच्या श्रमांतून शाळेचा खर्च निघावा, ह्या अपेक्षेस प्रा. के. टी. शहा ह्यांनीं त्या परिषदेंतच हरकत घेतली होती. आणि खुद्द समितीनेंहि कमाईच्या भरांत शिक्षण बुडण्याचा धोका आपल्या अहवालांत नमूद केला होता. आमच्या मतें ती हरकत रास्त होती. पण योजनेचा खरा घात झाला तो वेगळ्याच कारणानें. सेवाग्रामांत जें गरजेंतून निघालें होतें, तें अनेक सरकारी शाळांतून वेळापत्रकाचा एक तास होऊन बसलें. सूत निघे, तें कोणाच्या अंगावर जाणार, हें विचारण्याचें कारण उरलें नाहीं. महाराष्ट्रांत कित्येक गांवच्या शाळांवर आजहि 'जीवन शिक्षण' हें नांव आढळतें. पाटी टिकली, उद्योग गेला.

सेवाग्रामांत मात्र २००५ सालीं नई तालीमच्या जुन्या आवारांत आनंदनिकेतन ही शाळा सुरू झाली. तेथें मुलें शेतींत राबतात, स्वयंपाकांत हात घालतात, आणि त्या कामांच्या जोडीनें हिशेब व विज्ञान शिकतात. मध्यें कित्येक वर्षें खंड पडला असतां हें काम पुन्हां उभें राहूं शकलें, ह्याचें श्रेय दगडविटांस देतां येणार नाहीं. कल्पना जिवंत ठेवणाऱ्या माणसांचें तें आहे.

यात्रेकरू बापूकुटींत येतात, गांधीजींची बैठक पाहून नमस्कार करतात आणि परततात. ही भिंत कोण सारवतें, असें विचारणारा विरळा. पहिल्या फेरींत आम्हींहि विचारलें नाहीं. पेठेंतल्या गाळ्याविषयीं आमची चूक ह्याच जातीची होती. तो किती दिवस टिकला, एवढेंच आम्हीं मोजलें. तेथें पुस्तक शिवावयास शिकलेला मुलगा आज दुसऱ्यास शिकवीत आहे कीं काय, ह्याची चौकशी केली नाहीं. तेव्हां आमचा जुना अभिप्राय आम्ही मागें घेतों. परंतु त्या तरुणांविषयीं एक तक्रार उरतेच. गाळा सोडतांना, हें काम पुढें कसें चालवावें तें त्यांनीं शेजारच्या कोणासहि शिकविलें नाहीं. शेजाऱ्यांस त्यांनीं अखेरपर्यंत पाहुणेच ठेवलें. पुढला गाळा घेण्यापूर्वीं त्यांनीं एकदां सेवाग्रामास जाऊन यावें, आणि कुटींत नमस्कार करण्याआधीं तिच्या भिंतीकडे पाहावें.