वारसा आणि पत्ता : वेब एपीआयमधील एक मार्गविचार

मूळ कंट्रोलरमध्ये लिहिलेला मार्ग त्यापासून निर्माण झालेल्या कंट्रोलरांना लाभावा की लाभू नये, हा प्रश्न वरवर पाहता केवळ तंत्रज्ञांचा वाटतो. वस्तुतः तो अर्थविचाराचा प्रश्न आहे. मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेट या चौकटीने अवघ्या तीन वर्षांच्या अंतराने त्याला दोन परस्परविरुद्ध उत्तरे दिली असल्याने त्याच्या चिकित्सेस चांगले साहित्य उपलब्ध झाले आहे.

एखाद्या ग्रंथालयाची आज्ञावली घ्यावी. नोंद वाचणे, नवी घालणे, जुनी काढून टाकणे ही कामे ग्रंथ आणि सभासद या दोहोंच्या बाबतीत सारखीच. म्हणून ती एका मूळ वर्गात एकदाच लिहावयाची आणि दोन्ही कंट्रोलर त्यापासून निर्माण करावयाचे, अशी रूढ रीत आहे. परंतु काम सारखे असले तरी पत्ता सारखा असून चालत नाही. मूळ वर्गातच ‘एपीआय/नोंदी’ असा ठाम मार्ग लिहिला आणि तो दोघांनाही लाभला, तर आलेली विनंती कोणाकडे पाठवावयाची हे यंत्रणेला ठरविता येणार नाही.

२०१३ साली वेब एपीआय २ मध्ये ॲट्रिब्यूटद्वारा, म्हणजे क्रियेच्या डोक्यावर चौकटी कंसात, मार्ग लिहिण्याची सोय झाली. आणि तेथे वारसा नाकारण्यात आला. क्रिया ज्या वर्गात लिहिली तो वर्ग आणि ती ज्याच्या वतीने चालावयाची तो वर्ग भिन्न असला, की तिच्यावरील मार्गाकडे यंत्रणा दुर्लक्ष करी. या निर्णयात सावधगिरी होती, हे मान्य केले पाहिजे. दोष नकारात नसून मौनात आहे. वाचकाला मार्ग लिहिलेला दिसतो, क्रियेचा वारसाही मिळालेला असतो. मार्ग तेवढा गळालेला असतो, आणि त्याची सूचना कोठेच नसते. २०१४ च्या २.२ या आवृत्तीत मार्ग पुरविणाऱ्या घटकाची एक पद्धत बदलून हा वारसा मिळविण्याची वाट मोकळी झाली. ती मात्र साऱ्या आज्ञावलीला एकदम लागू होणारी होती.

२०१६ च्या एएसपी डॉट नेट कोअरने भूमिका उलटविली. तेथे मार्गाचा वारसा मिळतो. आणि मार्गात ठाम शब्दाऐवजी चौकटी कंसातील ‘कंट्रोलर’ हे पद लिहिता येते, ज्याच्या जागी प्रत्यक्ष वर्गाचे नाव बसते. या पदाचे सामर्थ्य मराठीतील ‘आपला’ या शब्दावरून ध्यानात येईल. ‘प्रत्येकाने रामाच्या घरी जावे’ या आज्ञेने सारे एकाच दारी जमतात. ‘प्रत्येकाने आपल्या घरी जावे’ ही आज्ञा एकच, पण घरे निरनिराळी. वारशाने द्यावयाचा मार्ग या दुसऱ्या जातीचा असावा लागतो.

पाणिनीच्या अनुवृत्तीचे स्मरण येथे सहज होते. आधीच्या सूत्रातील पद पुढील सूत्रात न उच्चारताही चालू राहते, आणि अपवाद उत्सर्गाला बाजूस सारतो. कोअरमध्येही निर्मित वर्गाने स्वतःचा मार्ग लिहिल्यास मूळ वर्गाचा मार्ग त्यात मिळविला जात नाही, तो बाजूस पडतो. परंतु साम्य फार ताणू नये. सूत्रपाठ क्रमाने म्हणणाऱ्याच्या कानात आधीचे पद घुमत असते. येथे मूळ वर्ग दुसऱ्याच धारिकेत, कधी तर दुसऱ्याच ग्रंथसंग्रहात असतो, आणि निर्मित वर्ग वाचणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही.

याहून गंभीर आक्षेप वेगळाच आहे. वर्गाचे नाव ही आज्ञावली लिहिणाऱ्यांची घरची बाब. मार्ग हा बाहेरच्यांना दिलेला शब्द. ‘कंट्रोलर’ हे पद या दोहोंची गाठ मारते. कोणी सोयीसाठी ‘ग्रंथ’चे ‘पुस्तक’ केले, की जुन्या पत्त्यावर येणाऱ्या साऱ्या विनंत्या परत जाऊ लागतात. म्हणून परक्यांच्या उपयोगासाठी खुल्या केलेल्या एपीआयमध्ये वर्गावरील मार्ग प्रत्येक निर्मित कंट्रोलरवर स्पष्ट अक्षरांत लिहावा आणि क्रियांवरील उरलेला भागच मूळ वर्गाकडून घ्यावा, हे अधिक सयुक्तिक. त्यात पुनरुक्ती एका ओळीची होते. घरगुती वापराच्या एपीआयला मात्र सर्वनामवजा पद पुरेसे आहे. फक्त मार्गांना नावे दिली असल्यास त्या नावांतही तेच पद घालावे लागते, कारण एका नावाचे दोन भिन्न मार्ग कोअर स्वीकारीत नाही.