‘कोशिश’मधला खुळखुळा

गुलजार यांच्या ‘कोशिश’ (1972) या चित्रपटातला एक प्रसंग नर्सिंगच्या प्रत्येक वर्गात दाखवायला हवा. हरिचरण आणि आरती हे मूकबधिर जोडपं. पहिलं मूल त्यांनी गमावलेलं; त्याचं रडणं त्यांना ऐकूच आलं नव्हतं. आता दुसरं बाळ. त्याला ऐकू येतं का, हे पाहायला खुळखुळा हलवला जातो. बाळ ढिम्म. आईबाप खचतात. डॉक्टरांकडे उलगडा होतो: बाळाचे कान उत्तम आहेत, खुळखुळ्यातच मणी नाहीत.

या प्रसंगाची ताकद त्याच्या रचनेत आहे. खुळखुळा वाजत नाही हे ज्यांना कळूच शकत नाही, त्यांनाच गुलजार त्यावर विसंबायला लावतात. हरिचरण-आरती साकारणाऱ्या संजीवकुमार आणि जया भादुरी यांच्यापाशी संवाद नाहीत. पहिल्या मुलाचं दुःख मात्र सोबत आहे, म्हणून साधी चाचणी जन्माचा निकाल वाटू लागते. उलगडा झाला की प्रेक्षकही चपापतो, कारण साधन न तपासताच त्यानेही बाळाला बहिरं ठरवलेलं असतं.

दवाखान्यात कर्णबधिर रुग्णाच्या वाट्याला हेच येतं. ओपीडीतला नावाचा पुकारा, मास्कमागून दिलेली सूचना, रुग्णाने मान डोलावली म्हणजे त्याला समजलं ही समजूत, हे सारे बिनमण्यांचे खुळखुळे. भारतीय सांकेतिक भाषेत चेहऱ्यावरचे भाव व्याकरणाचं काम करतात; मास्क तेच झाकतो. ज्या हाताने रुग्ण मुख्यतः खुणा करतो त्याच हाताला सलाईन लावलं, तर त्याचं बोलणंच अडतं. सिस्टरने आधी ‘कोणता हात?’ एवढं खुणेनं विचारलं तरी पुष्कळ साधतं. गोळ्या कशा घ्यायच्या, हे रुग्णाकडूनच करून दाखवून घेतलं तर मान डोलावण्यावर विसंबावं लागत नाही.

नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे ‘मेडिकल’मध्ये, विदर्भाबरोबर मध्य प्रदेश, छत्तीसगडचेही रुग्ण येतात. अनोळखी बोली समजून घेण्याची सवय इथल्या सिस्टरांना आहेच. त्यात आणखी एका भाषेची भर घालायची आहे. त्यासाठी 2016चा दिव्यांग हक्क कायदा पाठीशी आहे, आणि 2021 साली आलेल्या सांकेतिक भाषेच्या शब्दकोशात 10,000 संज्ञा आहेत, वैद्यकीयसुद्धा. नागपूरच्या नर्सिंग कॉलेजांनी हा प्रसंग आणि हा शब्दकोश, दोन्ही पहिल्याच वर्षी वर्गात आणावेत.