ढोकेश्वर लेणे
अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वर (ता. पारनेर) येथील शैव लेणे. काळ सामान्यतः इ. स. सहावे शतक. त्यातील सप्तमातृकापट व गंगा-यमुनेच्या मूर्ती लक्ष वेधून घेतात. तथापि लेण्याचे मर्म मांडणीत आहे. मंडपात देवतांची सगुण रूपे आढळतात, तर गर्भगृहात केवळ लिंग. रूपाकडून अरूपाकडे नेणारा हा क्रम शैव विचाराशी सुसंगत आहे. गर्भगृहाभोवती खडकातच प्रदक्षिणापथ कोरलेला आहे. कार्ले येथील बौद्ध चैत्यगृहातही स्तूपाभोवती असा मार्ग आढळतो. दर्शने भिन्न असली, तरी उपासनेची गती दोन्हीकडे वास्तुरचनेतच सामावलेली आहे. घारापुरीची भव्यता येथे नाही. परंतु सुट्या मूर्तींच्या सौष्ठवावरूनच या लेण्याचे मूल्यमापन करणे अपुरे ठरते.