‘मेरू’: शंभर मीटर अलीकडचा सिनेमा

‘मेरू’ (2015) या माहितीपटातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे त्यातलं हरणं. गढवालमध्ये, गंगोत्रीच्या वर, तिबेटच्या सीमेपासून फार लांब नसलेलं मेरू शिखर आणि त्यावरची ‘शार्क्स फिन’ ही ग्रॅनाइटची उभी भिंत. 2008 मध्ये कॉनरॅड अँकर, जिमी चिन आणि रेनन ओझटर्क सात दिवसांचं अन्न घेऊन चढले, वादळात अडकले, जवळपास वीस दिवस भिंतीवर राहिले आणि माथा शंभरेक मीटरवर असताना मागं फिरले.

आमच्या पिशोरकडच्या माणसाला ही भिंत कळायला वेळ लागतो. अंतूर किल्ला चढताना बेसॉल्टचे थर टप्प्याटप्प्यानं येतात, दमलं की टेकता येतं. इथं टेकायलाच जागा नाही. म्हणून पोर्टालेज, म्हणजे कड्याला टांगलेली कापडी बाज. तिच्यावर झोपायचं, तिथंच उपाशी बसून राहायचं. शूटिंगही चिन आणि ओझटर्कनंच केलंय, त्यामुळे त्या चेहऱ्यांना अभिनयाचा वास नाही. वाट बघणं इतकं खरं मी पडद्यावर क्वचितच पाहिलंय.

मग येतं 2011. ओझटर्कची कवटी आणि मानेचे मणके स्कीइंगच्या अपघातात मोडलेले, मेंदूला रक्त नेणारी एक धमनी जखमी. काही महिन्यांत तो पुन्हा त्याच भिंतीवर. तिथं अचानक त्याला बोलता येईना. नंतर बरं वाटलं आणि तिघं वर निघाले.

माझं भांडण इथं आहे. सिनेमा हा निर्णय सरळ मैत्रीच्या खात्यात जमा करतो. घरच्यांची भीती दाखवतो, लेखक जॉन क्राकौरला शंका बोलू देतो, पण एडिटिंगनं निकाल आधीच लावलेला असतो. चिन स्वतःच दोन दिग्दर्शकांपैकी एक, म्हणजे आरोपीही तोच आणि न्यायाधीशही. तिघं सुखरूप उतरले म्हणून निर्णय बरोबर ठरतो का? टेस्ट न केलेला कोड प्रॉडक्शनला टाकला आणि चालला, तर आमच्या टीममध्ये त्याला धाडस म्हणत नाहीत, नशीब म्हणतात. (आणि पुढच्या वेळी टाकू देत नाहीत.)

2023 मध्ये पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’चं पथक मेरूच्या 6660 मीटर उंच दक्षिण शिखरावर पोचलं. अशा मोहिमांवर मराठीत फिल्म व्हायला हवी. फक्त एडिटिंगच्या टेबलावर, त्या दोरावर नसलेलं कुणीतरी बसवा.